ऐकणं आणि ऐकू येणं

बहारीनला, मनामाच्या बाजारामागे एका तीन मजली इमारतीत कान-नाक-घशाचा दवाखाना होता. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी तिथे कानांची तपासणी करायचे. काचेची खिडकी असलेली एक लहान साउंडप्रूफ खोली होती. आत पेशंट बसायचा, बाहेर मी आणि माझं मशीन. पेशंटच्या डोक्यावर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज ऐकू आला की दाबा." हे एक वाक्य मला अरबी, हिंदी, इंग्रजी आणि मल्याळममध्ये तोंडपाठ होतं. मराठीत ते म्हणायची वेळ क्वचित यायची. रत्नागिरीकडचे एखादे चाचा आले की त्यांना माझी बोली कळायची नाही आणि मला त्यांची, आणि शेवटी आम्ही दोघंही हिंदीवर यायचो.

इंडोनेशियाच्या बायका तेव्हा घरकामासाठी बऱ्याच येऊ लागल्या होत्या. म्हणून मी बाजारातून एक खिशात मावणारा शब्दकोश घेतला आणि त्यांच्या भाषेतलं वाक्य जुळवून एका कार्डावर लिहून ठेवलं. 'ऐकणे'पुढे त्या कोशात तीन-चार शब्द होते. मी त्यातला सगळ्यात लांब शब्द उचलला. लांब आहे म्हणजे पूर्ण असेल, असं मला वाटलं.

ते कार्ड पहिल्यांदा वापरलं त्या दिवशी पुलापलीकडच्या मुहर्रकमधल्या एका घरातली स्वयंपाकीण आली होती. तिशीची असेल. सोबत तिची मालकीण होती, वयस्कर, अबाया सावरत जिना चढल्यामुळे दमलेली. मालकिणीची तक्रार साधी होती. "मी सांगते एक, ही करते भलतंच. ऐकतच नाही." अरबीतसुद्धा ते वाक्य आपल्यासारखंच आहे. न ऐकणारं माणूस बहिरं की हट्टी, हे त्यातून कळत नाही. मालकिणीला ती हट्टी वाटत होती. डॉक्टरांनी तरीही तिला माझ्याकडे पाठवलं.

मी तिला आत बसवलं, कार्ड तिच्यासमोर धरून मोठ्याने वाचून दाखवलं. तिने मान हलवली. मी बाहेर येऊन मशीन सुरू केलं, आणि माझ्यासमोरचा लाल दिवा लागला तो लागलेलाच राहिला. मी आवाज कमी केला, दिवा तसाच. आवाज पूर्ण बंद केला तरी दिवा तसाच. मला वाटलं, बटण अडकलं. आत जाऊन बटण बदललं, पुन्हा कार्ड वाचलं. पुन्हा तेच. काचेपलीकडे ती बाई दोन्ही हातांनी बटण घट्ट दाबून, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत बसली होती. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला होता.

"बघितलंस?" मालकीण म्हणाली, "हे असं असतं."

खालच्या मजल्यावर एक इंडोनेशियाची सिस्टर होती. सुमात्रा बेटावरच्या एका लहान गावातली. जिन्यात भेटलो की आम्ही हसायचो, त्यापलीकडे ओळख नव्हती. मी तिला बोलावून आणलं. तिने माझं कार्ड वाचलं आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मग काचेतून त्या बाईकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

"तू तिला काय सांगितलंस, माहीत आहे?" ती इंग्रजीत म्हणाली. "लक्ष देऊन ऐकत असशील तर बटण दाब, असं सांगितलंस. ती बिचारी ऐकतेच आहे. मन लावून ऐकतेय. बटण कशी सोडेल?"

मी 'मंदंगारकान' लिहिलं होतं. त्याचा अर्थ कान देणं, लक्ष देणं. मला हवा होता तो शब्द होता 'कदंगारान', ऐकू येणं. सिस्टर आत गेली, त्या बाईच्या कानाशी वाकून मोठ्या आवाजात तिला समजावलं. यावेळी मी मशीन सुरू केलं तेव्हा दिवा लागला नाही. मी आवाज वाढवत गेले. एरवी ज्या आवाजाला पेशंट दचकून हेडफोन काढतात, तिथवर मी काटा नेला, आणि तेव्हा कुठे दिवा एकदा लागला आणि विझला. दुसऱ्या कानाचंही जवळपास तसंच होतं.

डॉक्टरांनी मालकिणीला ते सांगितलं. मग "हराम, हराम," असं ती पुटपुटली. तिकडे दया आली की तसं म्हणतात. तिने स्वयंपाकिणीचा हात धरला आणि जिना उतरताना तो सोडला नाही. पुढच्याच महिन्यात तिने तिला कानाचं यंत्र घेऊन दिलं. ते बसवलं तेव्हा त्या बाईला पहिला ऐकू आला तो माझ्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज. ती एवढी घाबरली की खुर्चीवरून उठली. नंतर एकदा तपासणीला आली तेव्हा सिस्टरने मला तिचं बोलणं समजावून सांगितलं. कढईतलं तेल एवढं बडबडतं हे ती विसरून गेली होती. लहानपणी आईच्या चुलीपाशी ऐकलं होतं तेवढंच.

त्या कार्डामुळे माझी आणि सिस्टरची मैत्री झाली. दवाखाना दुपारी बंद असायचा आणि संध्याकाळी पुन्हा उघडायचा. मधल्या वेळात उन्हात मुहर्रकपर्यंत घरी जाऊन परत यायचं जिवावर यायचं, म्हणून मी तिच्या खोलीवर जायचे. ती भात आणि सुकी मासळी करायची, मी डब्यातून भाकरी आणि मिरचीचा ठेचा न्यायचे. ठेच्यावर ती खूश होती. त्यांच्याकडेही तसाच ठेचा असतो. ती मला 'काक' म्हणायची. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. माझ्या नवऱ्याने ते ऐकलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. मराठीत काक म्हणजे कावळा."

जेवता जेवता ती मला तिची भाषा शिकवायची. तिला शिकवायची हौस होती आणि मला, का कोण जाणे, ते शब्द सोडवत बसायला फार आवडायचं. त्यांच्याकडे मूळ शब्द एक असतो आणि त्याला पुढून-मागून तुकडे जोडतात. 'लिहात' म्हणजे बघणं. त्याला पुढे 'म' लागला की माणूस मुद्दाम बघतो, आणि काय बघतो तेही सांगावं लागतं. पुढे 'क' आणि मागे 'आन' लागला की झालं 'कलिहातान', म्हणजे दिसणं. तिथे बघणारा माणूस लागतच नाही. डोंगर दिसतो, झालं. पुढे 'तर' लावला तर अचानक नजरेस पडणं. आणि दोन्हीकडून लांब शेपट्या लावल्या की त्याच शब्दाचं 'दाखवणं' होतं. तो 'म'ही मोठा लबाड. पुढे ल किंवा र आला की नुसता म, द किंवा च आला की त्याच्या नाकात 'न' शिरतो. "शाळेत आम्ही संधी शिकायचो तसंच आहे हे," मी म्हणाले. चवीला आणि मनातल्या भावनेला मिळून त्यांचा शब्द 'रासा'. तो तर मला शिकावाच लागला नाही.

मग ती मला मराठीचं विचारायची. मी सांगायचे, आमच्याकडे बघणं निराळं आणि दिसणं निराळं, शब्दच वेगळे. ऐकणं मात्र एक, त्याला 'येतं' जोडलं की झालं. वासाचंही तसंच. घेतला तर मी घेते, आला तर तो येतो.

"आणि तू कुठे असतेस?" तिने विचारलं.

"मी? मी 'मला' होते. मला दिसतं. मला ऐकू येतं. मला वास येतो. मला आठवतं."

ती घास हातात धरून हसत राहिली. "काक, तुमच्या भाषेत माणूस किती शांत बसतो! सगळं त्याच्याकडे चालत येतं."

तेव्हा मीही हसले. माझी मुलगी तेव्हा अकोल्याला होती, हे सिस्टरला अजून माहीत नव्हतं.

मुलगी अडीच वर्षांची असताना मी तिला माझ्या मोठ्या बहिणीकडे ठेवून बहारीनला आले होते. नवरा आधीच तिथे होता, हिद्दच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. माझी नोकरी ठरली तेव्हा सगळ्यांनी हिशेब केला की दोघांची ड्युटी, मुहर्रकमध्ये दुसऱ्या कुटुंबासोबतचा फ्लॅट, त्यातली आपली एक खोली, मूल सांभाळणार कोण? ताईला मूल नव्हतं. भाऊजी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते. ताई म्हणाली, "माह्याजवळ राहू दे. तू कायले जीव जाळून रायली?" दोन वर्षांचा प्रश्न आहे, असं आम्ही सगळे म्हणत होतो.

येताना मी पोरीचा एक वापरलेला फ्रॉक बॅगेत घातला होता. पिवळा, पुढे बदकाचं चित्र. तो मी धुतला नव्हता. कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला होता आणि अधूनमधून काढून नाकाशी धरायचे. खोबरेल तेल, पावडर आणि दुधाचा थोडा आंबूस वास. पहिले काही महिने तो वास असा यायचा की मला खाली बसावं लागायचं.

वैशाखी पौर्णिमेला आम्ही घरी खीर केली, बुद्धवंदना झाली, आणि सिस्टरला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर मी तिला साडी दाखवायला कपाट उघडलं आणि ती पिशवी खाली पडली. तिने उचलली. मी तिला सांगितलं. आधी इंग्रजीत, मग तिचे शब्द वापरून बघायचे म्हणून म्हणाले, "मी रोज याला 'मंचिउम' करते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "वास घेतेस की पापा घेतेस?"

मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं की त्यांच्याकडे दोन्हीला शब्द एकच. तिची आई पापा घेते म्हणजे गालाला नाक लावून खोल श्वास घेते. ओठ लागतातच असं नाही. ती घरून निघाली तेव्हा आईने तिचा असा पापा घेतला होता आणि मग तोंड वळवून आत निघून गेली होती.

"मग तुला 'तरचिउम' होतो का अजून? वास येतो का?" तिने विचारलं.

मी फ्रॉक नाकाशी नेला. कपाटाच्या लाकडाचा वास होता, डांबराच्या गोळ्यांचा होता. "नाही," मी म्हणाले. "घेते रोज. येत नाही."

फ्रॉकची घडी घालून तिने तो पिशवीत ठेवला आणि पिशवीतली हवा दाबून काढून टाकली.

घरी फोन करायचा दिवस शुक्रवार. तिकडे ताई ठरल्या वेळेला पोरीला घेऊन कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर येऊन बसायची, इकडे मी फोनचं कार्ड घेऊन टेलिफोनच्या रांगेत. ताई आधी सगळं सांगायची, काय खाल्लं, ताप आला होता का, नवीन काय बोलते. मग म्हणायची, "घे, आता तिच्याशी बोल. आयकून रायली ती." आणि मी बोलत राहायचे. पलीकडे नुसता श्वास. कधी रिसीव्हर दाताने चावल्याचा आवाज. कार्डावरचे युनिट कमी कमी होत जायचे आणि मी त्या श्वासाला बाळ, सोनू, माझं पाखरू म्हणत राहायचे.

खिरीच्या दिवसानंतरच्या एका शुक्रवारी मी अशीच बोलत होते. मध्येच पलीकडून पोरीचा आवाज आला, स्पष्ट, पण मला उद्देशून नव्हता. तोंड रिसीव्हरपासून वळवून तिने विचारलं, "आई, हे बाई कोन हाये?"

ताईने घाईघाईने फोन घेतला. "अवं, टीव्हीवरचं कायतरी बोलून रायली ते," म्हणाली. मी म्हटलं, "हो का," आणि भाऊजींची चौकशी केली. फोन ठेवला आणि टेलिफोनच्या ऑफिसबाहेर भिंतीच्या सावलीत उभी राहिले. बाजूने खुबूसच्या रोट्यांच्या चळती घेऊन माणसं जात होती. शुक्रवारच्या नमाजाहून परतणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका पेशंटच्या डाव्या कानाचा हेडफोन उजव्या कानाला लावला. दुपारी सिस्टरने मला जेवायला बसवलं आणि विचारलं. मी सांगितलं सगळं. आणि शेवटी मराठीतच विचार करत इंग्रजीत म्हणाले, "मला तिची आठवण येते."

"येते," ती म्हणाली. "पुन्हा 'येते'. पाहुण्यासारखी येते आणि तू तिला चहा देत बसतेस."

मला राग आला. ती माझ्याहून लहान, लग्न न झालेली. तिला काय कळतं, असं मनात आलं.

तिने माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "काक, रागावू नकोस. आमच्याकडे 'रिंदू' म्हणतात. नुसतं 'रिंदू' म्हटलं की ते तुझ्यात असतं, तापासारखं, तू त्यात पडून राहतेस. पण 'मरिंदुकान' म्हटलं की लगेच सांगावं लागतं, कोणाला. तो शब्द त्या माणसापाशी गेल्याशिवाय पुराच होत नाही. मी माझ्या आईला 'मरिंदुकान' करते. मी जाऊ शकत नाही, माझी दोन भावंडं शिकतायत. तू जाऊ शकतेस. तू जा आणि तिला घेऊन ये."

"आणि सांभाळणार कोण?"

"माझी ड्युटी आता सकाळची झालीय. तू फक्त संध्याकाळची मागून घे. दुपारनंतर मी आहे."

नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो आधी विषय टाळत राहिला. मग म्हणाला, "परकी बाई आहे ती. उद्या तिची बदली झाली, ती गेली, तर काय करशील?" मी म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा." मग तो स्वतःच म्हणाला, "मलाही तिचा चेहरा फोटोतलाच आठवतो आता." फॅमिली व्हिसासाठी त्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं.

ऑक्टोबरमध्ये मी अकोल्याला गेले. दार ताईने उघडलं आणि तिच्या मागे, तिचा पदर मुठीत धरून, माझी मुलगी उभी होती. उंच झाली होती. मी खाली बसून हात पुढे केले तशी ती पदराच्या आत गेली. ताई म्हणाली, "अवं, आई हाये ना तुही!" पोरगी पदरातूनच म्हणाली, "तूच आई हायेस."

ताईचं घर दोन खोल्यांचं, शाळेमागच्या कॉलनीत. तिथे मी दोन आठवडे राहिले. मी पोरीला भरवायला गेले की ती तोंड मिटून घ्यायची, आणि ताई स्वयंपाकघरात निघून जायची, म्हणजे नाइलाजाने ती माझ्या हातून खाईल. ती काही खायची नाही. शेवटी ताईच परत यायची. भाऊजी वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी ताई बॅग भरत होती. प्रत्येक फ्रॉक हातात घेऊन त्याची माहिती सांगत होती, हा गळ्याला टोचते, हा तिले लई आवडते. मी म्हणाले, "ताई, तू आमच्याबरोबर मुंबईपर्यंत चल."

"नाई येत मी," ती म्हणाली. "विमानाच्या दारात मले सोडून ते कशी जाईन? इथूनच जाऊ दे. झोपली असतानी उचलून घेऊन जाय."

तसंच केलं. पहाटेच्या गाडीला निघताना भाऊजींनी झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेतलं. ताई दारात उभी होती. मी तिच्या पाया पडले. तिने मला उठवलं आणि एवढंच म्हणाली, "तिची उशीची खोळ मी ठेवून घेतो, बाई. जुनीच हाये." मी मान हलवली.

बहारीनमध्ये पहिले काही दिवस माझी मुलगी बोललीच नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात, खिडकीखाली बसून राहायची. विमानतळ जवळ असल्यामुळे विमानं डोक्यावरून जायची. प्रत्येक विमानाला ती मान वर करायची. नवऱ्याने खेळणी आणली, खजूर आणले. ती माझ्याकडे बघायची ती अशी, जणू मी तिची काहीतरी वस्तू उचलून आणली आहे आणि ती मागायची कशी हे तिला ठरवता येत नाहीये.

सिस्टर दुपारी यायची. तिने पोरीला जवळ घ्यायचा प्रयत्नच केला नाही. जमिनीवर तिच्यापासून थोडी दूर बसून ती आपली ओढणी शिवत बसायची, काहीतरी गुणगुणायची. दोन-तीन दिवसांनी मी संध्याकाळच्या ड्युटीला निघत होते तेव्हा तिने ती ओढणी स्वतःच्या तोंडावर घेतली आणि आतून म्हणाली, "कलिहातान?" दिसतंय का? मग ओढणी काढली. पोरगी बघत राहिली. पुन्हा ओढणी. "कलिहातान?" मी चप्पल घालून दारातच थांबले. चौथ्या-पाचव्या वेळी सिस्टरने ओढणी पोरीच्या डोक्यावर टाकली आणि इकडेतिकडे शोधायचं नाटक सुरू केलं. ओढणीच्या आतून आवाज आला, मोठा, स्वच्छ, आमच्या घरात पहिल्यांदाच:

"नाई कलिहातान!"

सिस्टर माझ्याकडे बघून हसली. मी जिना उतरले आणि मिनीबसमध्ये मनामापर्यंत रडत गेले. पुलाच्या दोन्ही बाजूंना समुद्र होता, एवढंच आठवतं.

त्यानंतर ती बोलायला लागली, आणि जे बोलायची ते ऐकून फ्लॅटमधलं दुसरं कुटुंब चकित व्हायचं. ताईकडची वऱ्हाडी आणि सिस्टरची भाषा यांची खिचडी. "मले तरचिउम होऊन रायलं, भात जळला," असं म्हणायची. "मले कदंगारान नाई, मोठ्यानं बोल." तिने सगळ्या आपोआप होणाऱ्या क्रिया उचलल्या होत्या आणि त्यांना आपला 'मले' लावून टाकला होता. सिस्टर म्हणायची, "बघ काक, हिने तुमचा शांत माणूस आमच्यात आणून बसवला."

माझ्याशी तिची गट्टी जमायला वर्ष लागलं. एकदा तिला ताप होता, मी रजा घेतली होती. कपाळावर पट्ट्या ठेवत होते. तिने डोळे उघडले, माझा हात ओढला आणि माझ्या गालाला नाक लावून खोल श्वास घेतला, सिस्टरने शिकवल्यासारखा. "तुहा वास दवाखान्याचा येते," म्हणाली आणि झोपली. त्यानंतर ती मला आई म्हणू लागली. ताईला ती 'अकोल्याची आई' म्हणायची, आणि मी तिला ते कधी सुधारायला लावलं नाही.

शुक्रवारचे फोन चालूच होते. फक्त आता बूथवर ताई एकटी असायची. पोरगी रिसीव्हर कानाला लावून उभी राहायची आणि बोलायची नाही. तिकडून ताई बोलत राहायची, मला नुसती गुणगुण कळायची. शेवटी मी फोन घ्यायचे आणि सांगायचे, "ऐकत होती गं ताई. सगळं ऐकत होती." ताई म्हणायची, "हाव ना, मले मालूम हाये." मग आम्ही दोघी गप्प. त्या गप्प राहण्याचेही युनिट जायचे.

एका हिवाळ्यात ताई आणि भाऊजी व्हिजिट व्हिसावर येऊन गेले. ताईने पहिल्यांदा समुद्र बघितला. मनामाच्या कडेला, सीफ भागात तेव्हा भराव टाकलेली मोकळी जमीनच जास्त होती. तिथे आम्ही संध्याकाळी चटई घेऊन जायचो. सिस्टर आणि ताई यांना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता. पण दोघी पोरीच्या दोन बाजूंना बसून तिच्या दोन वेण्या घालायच्या, एक एकीने, एक दुसरीने. एक घट्ट व्हायची आणि एक सैल. ताई परत गेली त्यानंतर पोरगी आठवडाभर वेणी घालू देईना.

मग ती शाळेत गेली. इंग्रजी आलं आणि बाकीचं हळूहळू मागे सरकत गेलं. आधी सिस्टरची भाषा, मग ताईची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आता ती मोठी आहे, दूर असते, आणि मी तिला कधी ते ओढणीचं सांगितलं तर म्हणते, मला नाही आठवत. मला आठवतं. अजूनही कधी भात लागला की माझ्या तोंडात तो शब्द येतो. घरात कोणाला सांगून उपयोग नसतो, मी गॅस बंद करते. ताई काही वर्षांपूर्वी गेली. सिस्टरची दोन-तीन पत्रं आली होती. तिचं लग्न झालं, तिच्या आईची दृष्टी अधू झाली, एवढं कळलं. मग त्यांनी घर बदललं की आम्ही, काही कळायला मार्ग राहिला नाही. जगात कुठेतरी ती असेल. तिची मुलं तिच्याशी त्या भाषेत बोलत असतील, आणि ती भाषा त्यांना फुकट मिळालेली असेल.

सिस्टर कायमची घरी निघाली ते नव्वदचं दशक संपत आल्यावर. धाकट्या भावाचं शिक्षण झालं होतं, आई एकटी होती. तिला मी निरोपाला पाच लिटरचा कुकर दिला, कारण माझ्याकडच्या डाळीचं तिला फार कौतुक होतं आणि तिच्या गावात तसा कुकर मिळत नाही, असं ती म्हणायची. मुहर्रकच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, वजन जास्त आहे. तिने तिथेच बॅग उघडली. चादरी काढून बघितल्या, परत ठेवल्या. आईसाठी घेतलेलं घोंगडं काढलं, परत ठेवलं. मी म्हणाले, "अगं, कुकर राहू दे. मी कोणाबरोबर तरी पाठवेन." तिने मानेनेच नाही म्हटलं, कुकर बाहेर काढला, झाकण निघू नये म्हणून ओढणीने बांधला, बॅग बंद केली आणि कुकर हातात घेऊन उभी राहिली. मागची रांग कुरकुरत होती. कोणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणालं.

तिने पोरीच्या गालाला नाक लावलं, मग माझ्या. पासपोर्टच्या काचेपाशी तिला कुकर खाली ठेवावा लागला, पुन्हा उचलावा लागला. पलीकडे गेल्यावर ती वळली. हात हलवायला मोकळा नव्हता म्हणून तिने कुकरच उंच केला. पोरगी एवढ्या मोठ्याने हसली की शिक्के मारणाऱ्या पोलिसाने मान वर करून बघितलं.